दात की धार? घरच्या वर्कशॉपमध्ये चामडे कापताना

वर्कशॉप : वाचकांचे प्रश्न

या वेळी चामड्याविषयीची पत्रे इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. बहुतेकांकडे लाकूडकामाची मशीन आहेत आणि त्यांवरच चामडे कापायचे आहे. जमते, पण कशावर काय जमते यात फरक आहे.

प्रश्न : पट्ट्याला लटकवायची हत्यारांची कव्हरे मी ४ मिमी जाड चामड्यातून जिगसॉने कापतो. पाते लाकडाचेच. कडा पिंजल्यासारख्या निघतात, जळका वास येतो आणि परवा चामडे पात्याबरोबर उचलून फाटलेच. वेग वाढवला तर सफाई येईल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : वेग वाढवलात तर नुसती जळकी कड मिळेल. दोष वेगाचा नाही, पात्याच्या दातांचा आहे. लाकडात दात शिरला की तो भुशाचा कण तोडून बाहेर टाकतो. चामड्यात तोडण्यासारखा कण नसतो. ते एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाजम आहे. दात आला की तंतू तुटायच्या आधी वाकतो, मग ओढला जातो आणि शेवटी तुटतो तो भलतीकडेच. हीच तुमची पिंजलेली कड. ओढलेले तंतू दातांमधल्या खाचांत अडकतात, खाच भरली की दात कापायचे सोडून नुसता घासतो आणि घासण्याने उष्णता वाढते. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसते. कड आखडून काचेसारखी कडक झाली असेल, तर तिथे एवढी उष्णता पोचली असे समजा. अशी कड पुन्हा मऊ होत नाही, ती २-३ मिमी आत घेऊन कापूनच टाकावी लागते.

चामडे कोणत्या कमाईचे आहे हे माहीत नसेल तर घरीच पाहता येते. ५ सेंमी लांब आणि ५ मिमी रुंद पट्टी कापा, कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची लांबी आखा आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटे सोडा. सालीच्या कमाईची पट्टी बघता बघता वेटोळे घेते, आखूड होते आणि सुकल्यावर शिंगासारखी कडक लागते. क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची, पट्टी जवळपास तेवढीच राहते. चहाचे पातेले मात्र यासाठी वापरू नका.

आता उपाय. जिगसॉला चामडे, रबर, फोम यांसाठी बिनदातांचे, लाटेसारख्या धारेचे पाते मिळते. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मागताना ‘सॉफ्ट मटेरियलचे, नाइफ धारेचे’ असे सांगा आणि मशीनला टी-शँक लागते की यू-शँक (पात्याच्या मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाचा आकार) ते आधी बघून जा. पाते पुढे-मागे हलवणारी पेंड्युलमची कळ शून्यावर आणा. वेग मधल्यापेक्षा कमी ठेवा.

चामडे उचलले गेले त्याचे कारण वेगळे. जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे मोकळे चामडे त्याच्याबरोबर वर येऊन फडफडते. खाली ६ मिमी आणि वर ३ मिमी प्लाय ठेवून मध्ये चामडे दाबा आणि रेषेपासून ५-६ सेंमीवर क्लॅम्प लावा. पण प्लाय आली की बिनदातांचे पाते चालणार नाही, तिथे बारीक दातांचे पाते हवे. म्हणजे दोनच रस्ते उरतात. एक, धारेचे पाते आणि चामडे थर्माकोलवर किंवा जाड फोमवर घट्ट पसरलेले. दोन, बारीक दातांचे पाते आणि चामडे प्लायच्या सँडविचमध्ये. दोन्हींची सरमिसळ केली की तुमची तक्रार परत येते. सँडविच करताना चामड्याची गुळगुळीत बाजू खाली ठेवा, कारण जिगसॉ वरची बाजू पिंजतो.

आणि स्पष्टच सांगायचे, तर ४ मिमीच्या एकेका तुकड्याला जिगसॉ लागतच नाही. धार लावलेली रापी, म्हणजे चामडे कापायची सुरी, घ्या, सरळ कडेला पोलादी पट्टी लावा आणि एका दमात कापायच्या ऐवजी तीन हलक्या फेऱ्यांत कापा. पहिली फेरी फक्त वाट पाडायला, तिसरी खालपर्यंत पोचायला. मशीनला प्लाय बांधून क्लॅम्प लावेपर्यंत तुकडा कापून होतो.

प्रश्न : पट्ट्यांसाठी लांब सरळ पट्ट्या हव्यात. सर्क्युलर सॉ किंवा ग्राइंडरला लाकडाची चकती लावून चालेल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. फिरती चकती लवचीक वस्तू कापत नाही, ती आत ओढून घेते. चामडे चकतीभोवती गुंडाळले जाते आणि धरलेला हातही त्याच्यामागे जातो. टेबल सॉवर तुकडा अंगावर फेकला जाण्याचीही भीती आहे. ग्राइंडरला लाकूड कापायची दातांची चकती तर लाकडासाठीही लावू नये. हातमोज्यांनी हात वाचेल असे वाटत असेल, तर उलट आहे. फिरत्या पात्याजवळ हातमोजाच आधी अडकतो.

सरळ पट्टीसाठी लाकडी मुठीचा स्ट्रॅप कटर घ्या. त्याच्या आडव्या दांड्यावर इंच-मिमीच्या खुणा असतात आणि आत दाढीच्या ब्लेडसारखे पाते. आधी पोलादी पट्टीने एक कड सरळ करून घ्या, कारण कटर त्या कडेचा आधार घेऊन चालतो. मूळ कड वाकडी असेल तर सगळ्या पट्ट्या तशाच वाकड्या निघतात. पट्ट्या पाठीच्या कण्याच्या दिशेने घ्या, पोटाकडच्या घेऊ नका. पोटाचे चामडे सैल असते, पट्टा महिन्या-दोन महिन्यांत ताणला जातो.

प्रश्न : ९ इंची जुना बँडसॉ घेतला आहे. चपलांचे ६ मिमी जाड तळ त्यावर कापायचे आहेत. पाते कोणते? सोबत आलेले पाते तुटके आहे, त्यामुळे लांबी कळत नाही. आणि दुसऱ्याच्या मशीनवर पाहिले तेव्हा पाते सारखे चाकावरून उतरत होते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : जाड, कडक तळ हे करवतीवर खरोखर चांगले कापले जाणारे चामडे आहे. कमावल्यावर दाबून घट्ट केलेले असल्याने ते फारसे फडफडत नाही आणि लाकडाच्या फळीसारखे वागते. कोल्हापुरीचा म्हशीच्या कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेला तळ याच जातीचा.

आधी लांबी. वरचे चाक ताण देणाऱ्या स्क्रूच्या मधल्या स्थितीत आणा. दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजा आणि दुप्पट करा. त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा. व्यास २३ सेंमी आणि अंतर ४२ सेंमी असेल, तर ८४ अधिक ७२, म्हणजे १५६ सेंमी. व्यास रबरी पट्टीसकट मोजा. एवढ्या लांबीचे तयार पाते मिळाले नाही, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड कापणाऱ्यांना पाते जोडून देणारा विचारा. जोड बोटाने चाचपून घ्या. फुगवटा असेल तर प्रत्येक फेरीला ठक्क असा आवाज येतो आणि कडेवर तेवढ्याच अंतराने ओरखडे पडतात.

दातांचा नियम असा, की कापायच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात हवेत. ६ मिमी म्हणजे पाव इंच. इंचाला १४ दात असलेल्या पात्याचे पाव इंचात साडेतीन दात येतात, बसले. १० दातांचे घेतलेत तर अडीचच येतात आणि दात कडेला अडकून हिसका देतो. रुंदी पाव इंच पुरे. पाव इंची पाते साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळते, चपलेच्या टाचेला तेवढे बस्स आहे. अर्धा इंची पात्याने टाच वळवायला गेलात तर पाते पिळले जाईल.

वेगाच्या दोन पुली असतील तर हळू पुलीवर पट्टा टाका. २३ सेंमी चाकाचा घेर ७२ सेंमी. चाक मिनिटाला ६०० फेरे फिरले तर पाते मिनिटाला सुमारे ४३० मीटर धावते. तळासाठी याच्या आसपास राहा. कड गरम लागली की ढकलण्याचा जोर कमी करा. त्याने फरक पडला नाही तर पाते बोथट झाले.

पाते उतरण्याचे कारण बहुतेक वेळा खालच्या चाकावर सापडते. चामड्याचा भुसा लाकडासारखा झडून पडत नाही, तो लोकरीसारखा असतो. खालच्या चाकाच्या रबरावर त्याचा नमदा जमतो, पात्याखाली उंचवटा होतो आणि पाते पुढे सरकत सरकत उतरते. मशीन बंद करून, प्लग काढून खालचे झाकण उघडा आणि रबरावरून नख फिरवा. चिकट तपकिरी थर निघाला तर हेच कारण. जुना टूथब्रश पत्र्याच्या पट्टीने असा बसवा, की केस रबराला जेमतेम टेकतील. तरीही दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहा. वरचे गाइड चामड्यापासून ५ मिमीवर आणा, जास्त उघडे पाते डुलते. बँडसॉचे पाते खाली जाताना कापते, म्हणून इथे गुळगुळीत बाजू वर.

रेषेच्या बाहेर १ मिमी ठेवून कापा. मग १२० नंबरच्या आणि त्यानंतर २४० नंबरच्या कागदाने रेषेपर्यंत या. थेट रेषेवर कापून गुळगुळीत कड मिळेल ही आशा सोडा.

प्रश्न : लग्नात वाटायला १० सेंमी व्यासाचे ६० कोस्टर करायचे आहेत, ३ मिमी चामड्याचे. स्क्रोल सॉवर एकावर एक रचून कापावेत असा विचार आहे. किती थर चालतील? चामडे किती आणू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : रचून कापण्यासाठीच स्क्रोल सॉ चामड्यावर शोभतो. घट्ट दाबलेल्या थप्पीत तंतूंना वाकायला जागा राहत नाही, म्हणून दातही स्वच्छ कापतो. सगळी मेहनत थप्पी नीट बांधण्यात आहे.

एकेका कोस्टरला वेगळा चौकोन घेऊन कोपऱ्यांत स्क्रू मारायचे, तर चौकोन १३ सेंमीचा लागेल. ६० चौकोनांना सुमारे १०.९ चौरस फूट चामडे जाते. त्याऐवजी ३३ × २२ सेंमीची पाने काढा. प्रत्येक पानावर ११ सेंमीच्या चौकटीत दोन ओळींत तीन-तीन, असे सहा गोल बसतात. दहा पाने, म्हणजे ७.८ चौरस फूट. तीन चौरस फूट वाचले. चार गोलांच्या मध्ये साडेपाच सेंमीची जागा उरते, स्क्रू तिथे मारायचे. चामड्याला भोके, डाग आणि गोचिडांच्या खुणा असतातच, त्यासाठी १० चौरस फूट आणा.

पाच पानांची एक थप्पी करा, अशा दोन. खाली ९ मिमी प्लाय, वर ३ मिमी. चामडे १५ मिमी, एकूण २७ मिमी. स्क्रोल सॉवर साधारण ५० मिमीपर्यंत जाते, पण पाच पानांच्या वर जाऊ नका. पाते वळणावर तिरके होते आणि तळाचा गोल अंडाकृती निघतो. थप्पी दोन क्लॅम्पनी आवळा, २ मिमीच्या ड्रिलने आरपार भोक पाडा आणि २५ मिमी लांब, ३ मिमी जाड स्क्रू मारा. चौकटीच्या रेषा जिथे जुळतात तिथे, म्हणजे बारा ठिकाणी. कडेचे स्क्रू १ सेंमी आत घ्या. २५ मिमीचा स्क्रू वरची प्लाय आणि १५ मिमी चामडे ओलांडून खालच्या प्लायमध्ये ७ मिमी धरतो आणि टोक बाहेर येत नाही. टोक बाहेर आले तर मशीनच्या टेबलावर ओरखडा उठेल आणि थप्पी नेमकी वळणावर अडेल.

थर एकमेकांना डबल टेपने चिकटवायचा मोह टाळा. टेपचा गोंद पात्याला लागतो, त्याला तंतू चिकटतात आणि दहा सेंमी जायच्या आत दात भरतात. आकृती वरच्या प्लायवर चिकटवा, चामड्यावर नको.

पाते ५ किंवा ७ नंबरचे, दात सोडून-सोडून असलेले आणि खालचे काही दात उलटे असलेले. उलट्या दातांमुळे तळची बाजू पिंजत नाही. पिळाचे गोल पाते घेऊ नका, ते सगळीकडून ओरबाडते. ठोके मिनिटाला ६०० ते ८००. पात्याला मेणबत्ती हलकेच घासा. मात्र कडेला नंतर रंग देणार असाल तर मेण टाळा, रंग धरत नाही. ४० सेंमी घशाच्या (घसा म्हणजे पात्यापासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतचे अंतर) मशीनवर हे पान सर्व बाजूंनी फिरते. कोपऱ्यातल्या गोलासाठीही सर्वांत लांबचा कोपरा पात्यापासून ३७ सेंमीपर्यंतच जातो. ३० सेंमी घशाचे मशीन असेल तर थप्पी बांधण्याआधीच पाने दोन-दोन गोलांची करून घ्या.

प्रत्येक थप्पीला दोन-तीन पाती धरा. ढकलायला जोर लागू लागला की पाते बदला, तुटायची वाट पाहू नका.

कड १२०, २४० आणि ४०० नंबरच्या कागदाने पाचही एकत्र धरून घासा. सालीच्या कमाईचे चामडे असेल तर कडेला पातळ डिंक कतिरा लावून लाकडी दांड्याने घासा, कड चकाकते. क्रोमच्या चामड्याची कड घासून चकाकत नाही, तिला कडेचा रंगच लागतो.

आणखी एक हिशेब करून पाहा. गोल हाच आकार असेल आणि पुन्हा करायची शक्यता असेल, तर पोलादी पट्टीचा साचा करून घ्या आणि क्लिकर प्रेस (साचा दाबून चामडे कापायचे यंत्र) असलेल्या चामड्याच्या वर्कशॉपमधून गोल कापून आणा. साचा चामड्यावर हवा तिथे ठेवता येतो, डाग चुकवता येतात आणि कड घासावी लागत नाही. करवतीचे सामर्थ्य वेड्यावाकड्या, एकदाच करायच्या आकारांत आहे.

प्रश्न : कापून ठेवलेल्या फिकट चामड्यावर दुसऱ्या दिवशी निळे-काळे ठिपके उठले. बुरशी आहे का? पावसाळा सुरू आहे.
— एक वाचक, वारजे

उत्तर : बुरशी पांढरी-हिरवट असते आणि पुसली जाते. तुमचे ठिपके पुसले जात नसतील तर ते लोखंडाचे आहेत. साल आणि हिरड्यातले टॅनिन लोखंडाला भेटले, की निळा-काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई याच जोडीतून करायचे. ड्रिल, ग्राइंडर किंवा करवतीची डोळ्यांना न दिसणारी धूळ कोरड्या चामड्यावर काही करत नाही, पण हवा दमट झाली की प्रत्येक कण आपला ठिपका उठवतो. ज्या टेबलावर लोखंड घासता तिथे चामडे ठेवायचे नाही, हाच नियम. ठिपक्यांवर लिंबाचा रस कापडाने लावा, पाच मिनिटांनी ओल्या कापडाने पुसा आणि सावलीत सुकवा. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण रसाने आजूबाजूचा रंगही उजळतो.

याच कारणाने करवतीवर ओले चामडे घेऊ नका. रापीसाठी जाड तळ ओलावणे योग्य, पाते सहज चालते. करवतीवर ओले चामडे दातांत लगदा करते आणि वर डागही देते.

प्रश्न : मास्क खरेच लागतो का? धूळ फारशी दिसत नाही.
— एक वाचक, बाणेर

उत्तर : लागतो, आणि कापडी नव्हे, एन-९५. चामड्याची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते असा पुरेसा पुरावा असलेल्या गटात आहे. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला आणि तिच्या बाजूच्या सायनसना. ही नोंद वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांवरून झाली आहे. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरायचे नाही, पण बिनमास्क बसायचेही नाही. क्रोमच्या चामड्यात भर अशी, की जास्त तापल्यावर त्यातल्या निरुपद्रवी क्रोमियमपासून घातक षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. जळका वास आला की थांबायचे, ते यासाठीही.

झाडू मारू नका, धूळ पुन्हा उडते. हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्युम किंवा ओले फडके वापरा. कापताना पंखा बंद ठेवा आणि व्हॅक्युमची नळी पात्याखाली बांधा. सगळ्यांत कमी धूळ अर्थातच धारेच्या पात्याने होते, कारण धार चिरते, भुसा पाडत नाही.

प्रश्न : मी पर्स शिवते. १.२ मिमी मऊ क्रोम चामडे असते. हाताला त्रास होतो म्हणून विजेवर चालणारे काही सुचवा.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या कामाला कोणतीच करवत नको. मऊ, पातळ चामडे प्लायमध्ये दाबले तरी सरकते. कापड कापायचे गोल पात्याचे छोटे कटिंग मशीन चालेल, पण एकच थर घ्या आणि वळण ५ सेंमी त्रिज्येपेक्षा लहान असेल तिथे थांबून कात्री वापरा. गोल पाते आतल्या कोपऱ्यात रेषेच्या पुढे कापते. त्याआधी ४५ मिमीचा हाताचा रोटरी कटर वापरून पाहा. हात दुखण्याचे कारण बऱ्याचदा बोथट पाते असते. ताज्या पात्याने चामडे एका हलक्या दाबात कापले गेले पाहिजे, दोनदा फिरवावे लागले की पाते बदलायचे. खाली जाड प्लास्टिकची कटिंग मॅट घ्या. लाकडावर पाते लवकर मरते.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. आवाजाची तक्रार आली.
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. जिगसॉ शेजारी उभ्या माणसाला याच्या कितीतरी वर ऐकू येतो. पण खालच्या मजल्याला त्रास होतो तो बहुधा हवेतून नव्हे, टेबलाच्या पायांतून उतरणाऱ्या थरथरीमुळे. प्रत्येक पायाखाली २५ मिमी रबर ठेवा आणि टेबल भिंतीपासून चार बोटे सोडा. स्क्रोल सॉ टेबलावर नुसता ठेवू नका. रबराच्या पट्टीवर ठेवून बोल्टने आवळा, नट फार ताणू नका, नाहीतर रबर दबून काही उपयोग राहत नाही.